गावच्या शाळेपर्यंत पोहोचलेला सरकारी पैसा

जपान सरकारने १९८७ साली परदेशी तरुणांना मुख्यतः शाळांत इंग्रजी शिकवण्यासाठी बोलावणारी ‘जेट’ योजना सुरू केली, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण पदवीधर तिथे दाखल झाले. अमेरिकेशी असलेल्या व्यापारावरून त्या काळात जपानवर सतत टीका होत होती आणि ती सौम्य करण्याचा राजकीय हेतू या योजनेमागे होताच. तरीही ती जवळपास चार दशके टिकली, आणि याचे श्रेय मी तिच्या आर्थिक रचनेला देतो.

या तरुणांची नेमणूक केंद्र सरकार करत नाही. प्रांत, शहर किंवा एखाद्या खेड्याची स्थानिक संस्था त्यांच्याशी एक वर्षाचा करार करते, जो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. पगार स्थानिक संस्थाच देते, मात्र केंद्राकडून करांच्या वाटपातून मिळणाऱ्या निधीत या खर्चाचा हिशेब धरलेला असतो. त्यामुळे महसूल तुटपुंजा असलेल्या गावालाही परदेशी सहायक शिक्षक परवडतो आणि तो आपला माणूस आहे, ही भावनाही गावातच रुजते. २०१० साली सरकारी खर्चाच्या जाहीर फेरतपासणीत या योजनेच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह लावले गेले. करदात्यांच्या पैशाचा जाब विचारलाच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण मुलांच्या इंग्रजीच्या गुणांवरून या खर्चाचे मोल ठरवणे मला अपुरे वाटते.

टेलर अँडरसन ही अमेरिकन तरुणी याच योजनेतून ईशान्य जपानमधल्या इशिनोमाकी शहरातील शाळांत शिकवत होती. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर मुलांना पालकांच्या हवाली करून ती घरी निघाली आणि त्सुनामीत तिचा मृत्यू झाला. पुढे तिच्या आई-वडिलांनी तिच्या नावाने तिथल्या शाळांना इंग्रजी पुस्तके दिली. ती ठेवायची लाकडी कपाटे ज्या सुताराने घडवली, त्याची तिन्ही मुले त्याच लाटेत गेली होती आणि टेलरने त्यांना शिकवले होते. हे नाते कोणत्या सरकारी रकान्यात मांडणार?

आपल्याकडे १९५० पासून भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आणि १९६४ पासून ‘आयटेक’ हा भारत सरकारचा तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम परदेशी विद्यार्थ्यांना व अधिकाऱ्यांना भारतात आणत आले आहेत, आणि ते काम मोलाचे आहे. पण त्याचा लाभ मुख्यतः विद्यापीठे आणि प्रशिक्षण संस्थांना होतो. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या जिल्हा परिषदेने स्वतः निवड करून एखाद्या परदेशी तरुणाला वर्षभर आपल्या शाळांत नेमावे, त्याच्या मानधनाचा भार केंद्राने उचलावा आणि राहण्या-जेवणाची व्यवस्था गावाने पाहावी, असा प्रयोग निदान चार-पाच जिल्ह्यांत व्हावा, अशी माझी मनापासून मागणी आहे.