हवामान-नकाशांची वही : पाचवा महिना

या महिन्यात वहीत एकच नियम पाळला. नकाशावरचा आकडा उतरवून घेताना त्याच्यापुढे एकक, उंची आणि काळ या तिन्ही गोष्टी लिहायच्याच. तिन्हींपैकी एक जरी कळली नाही तर ती नोंद कोरी ठेवायची. सुरुवातीला हात अडखळत होता, आता सवय झाली आहे.

या नियमाचं कारण चौथ्या महिन्यातली पावसाची पानं. ती सगळी बाद करावी लागली. नकाशावर एका ठिकाणी २४ मिलिमीटर दिसले, मी ‘ताशी २४’ असं लिहून मोकळी झाले. पण नकाशावरचा तो थर (एका वेळी एकच गोष्ट दाखवणारा रंगीत पडदा) तीन तासांची बेरीज दाखवत होता, म्हणजे सरासरी ताशी ८. खरा घोळ त्याच्या पुढे होता. वेळेची पट्टी उजवीकडे सरकवत गेलं की पुढच्या आठवड्यात पाऊस वाढल्यासारखा दिसायचा. कारण साधं निघालं. जीएफएस हे अमेरिकेचं जागतिक हवामान-मॉडेल (संगणकाने अंदाज काढणारी प्रणाली) पहिले १२० तास तासातासाचे आकडे देतं, त्यानंतर ३८४ तासांपर्यंत तीन-तीन तासांचे. पट्टीची पावलं मोठी झाली की प्रत्येक पावलात साठणारा पाऊसही मोठा दिसतो. नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचीत ‘३ तास’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आता पहिली नजर तिथेच जाते.

मिलिमीटरची कल्पना मनात बसवायला एक हिशेब फार कामी आला. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. तेव्हापासून पावसाचे आकडे मी लिटरमध्येच डोळ्यांसमोर आणते.

रडारचा थर मात्र मिलिमीटर दाखवतच नाही, आणि या महिन्यातले सगळ्यात जास्त दिवस मी त्यातच रमले. रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परत आलेल्या लहरी, म्हणजे परतावा, मोजतं. त्याचं एकक डीबीझेड, आणि ते लॉगरिदमिक आहे. ३० वरून ४० झालं म्हणजे पाऊस एक तृतीयांशाने वाढला असं मुळीच नाही, परतावा दहापट झाला. मार्शल आणि पामर यांच्या नावाने ओळखलं जाणारं समीकरण घेऊन मी स्वतः तक्ता काढला : परतावा बरोबर २०० गुणिले ताशी मिलिमीटरमधल्या पावसाचा १.६ वा घात. त्यावरून ३० डीबीझेडला ताशी २.७ मिलिमीटर येतात, ४० ला साडेअकरा, ५० ला जवळजवळ ४९. म्हणजे दर दहा डीबीझेडमागे पाऊस सव्वाचार पटीने वाढतो. रंगपट्टीवर पिवळ्याच्या जरा पुढे लाल दिसतो, पण त्या दोन रंगांत केवढं अंतर आहे ते हा तक्ता काढल्यावर कळलं.

हे समीकरण सरासरीचं आहे, हेही लगेच लिहून ठेवते. परतावा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. व्यास दुप्पट झाला की परतावा ६४ पट. त्यामुळे मोजके टपोरे थेंब आणि दाट बारीक सर यांचा रंग सारखा येऊ शकतो. गारा तर रडारला फारच चमकदार दिसतात, म्हणून ५० च्या वरचे आकडे मी पाऊस म्हणून धरत नाही. शिवाय रडारने सोडलेली लहरींची शलाका जवळजवळ सरळ जाते आणि पृथ्वी खाली वळते. अर्धा अंश कोनात सोडलेली शलाका १०० किलोमीटरवर पोचते तेव्हा रडारच्या पातळीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असते. तिथे दिसलेला पाऊस जमिनीवर पोचण्याआधी वाळूनही जाऊ शकतो.

उंचीची गोष्ट वाऱ्याच्या थरात शिकले. नुसतं ‘वारा’ म्हटलं की तो जमिनीपासून १० मीटरवरचा. पुढे ८५०, ७००, ५००, २५० असे पर्याय येतात ते हेक्टापास्कल या हवेच्या दाबाच्या एककात, म्हणजे उंची दाबाने सांगितलेली. ढोबळ मानाने अनुक्रमे दीड, तीन, साडेपाच आणि साडेदहा किलोमीटर. मिलिबार आणि हेक्टापास्कल एकच, त्यात बदलायचं काही नाही. यातली मला सर्वात मोलाची वाटलेली नोंद तिबेटच्या पठाराची. ते साडेचार किलोमीटरच्या आसपास उंच, त्यामुळे ८५० आणि ७०० या दोन्ही पातळ्या तिथे जमिनीखाली जातात. तरीही काही नकाशे तिथे सुबक रंग भरून दाखवतात. तो आकडा कुणी मोजलेला नसतो, गणिताने खाली ओढून नेलेला असतो.

समुद्रसपाटीच्या दाबाचंही थोडंफार तसंच. फोनमधला दाबमापक ९५० दाखवतो आणि नकाशा १०१०, तेव्हा दोघांपैकी कुणीच चुकलेलं नसतं. खालच्या थरात साधारण साडेआठ ते नऊ मीटर चढलं की दाब १ हेक्टापास्कलने उतरतो, आणि नकाशा तो फरक परत मिळवून समुद्रसपाटीचा दाब दाखवतो. आता मी दोन आकड्यांची तुलना करतच नाही, दोघांच्या सहा तासांतल्या चढ-उताराची करते. ती छान जुळते.

वाऱ्याची एककं झटपट : १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६. बाणाच्या शेपटीला छोटी रेघ ५ नॉट, मोठी १०, त्रिकोणी झेंडा ५०. शेपटी असते त्या बाजूने वारा येतो.

दमटपणासाठी सापेक्ष आर्द्रता पाहणं मी सोडलं, दवबिंदू पाहते, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव धरू लागतं ते तापमान. १५ अंशांना ९५ टक्के आणि ३० अंशांना ७० टक्के या दोन नोंदी शेजारी ठेवल्या. पहिल्या हवेचा दवबिंदू १४ च्या वर, दुसरीचा २४. बाष्पाचा दाब काढला तर पहिलीत १६ हेक्टापास्कल, दुसरीत जवळजवळ ३०. टक्के कमी असलेल्या हवेत पाणी पावणेदोन पटीहून जास्त! टक्केवारी तापमानाबरोबर सकाळ-संध्याकाळ हलते, दवबिंदू वारा बदलल्यावर हलतो. हवा बदलली का हे बघायचं असेल तर दवबिंदूच.

‘केप’चा थर, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा साठा, एकक ज्यूल प्रति किलोग्रॅम, आत्ताच हाती घेतला आहे. केप २००० असेल तर त्याची दुप्पट करून वर्गमूळ काढलं तर वर चढणाऱ्या हवेचा कमाल वेग सेकंदाला ६३ मीटर येतो. प्रत्यक्षात बाहेरची कोरडी हवा मिसळते, पाण्याचं वजनही असतं, त्यामुळे तो निम्म्यावरच अडतो. आणि हवेला वर ढकलणारं काही नसेल तर हा साठा तसाच पडून राहतो. लालभडक केप आणि निरभ्र आकाश अशा तीन दिवसांच्या नोंदी माझ्याकडे आहेत.

जीएफएसचे बिंदू पाव अंशावर, म्हणजे विषुववृत्तावर २८ किलोमीटरवर. ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलचे सुमारे ९ वर. पाच किलोमीटरचा गडगडाटी ढग दोन्हींच्या जाळीतून निसटतो, आणि नकाशावर दोन बिंदूंमधला गुळगुळीत रंग संकेतस्थळ स्वतः भरतं. म्हणून मी आता नकाशा फार मोठा करत नाही.

सध्या चालू असलेलं काम : मॉडेल दिवसातून चारदा नव्याने अंदाज काढतं, त्या ००, ०६, १२ आणि १८ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अशा चारही फेऱ्यांमधून एकाच बिंदूचा, एकाच दुपारचा दवबिंदू उतरवून घेते आहे. नऊ दिवस झाले. ०६ च्या फेरीची दोन पानं अजून रिकामी आहेत.