तुम्ही विचारलंत म्हणून : जहाजं वादळातच बुडायची ना?

“एवढे पट्टीचे खलाशी, वर्षातले आठ-आठ महिने दर्यावर काढणारे. मग त्यांची जहाजं बुडायची कशी? वादळातच ना?”

शिडाच्या जहाजांविषयी बोलायला कुठेही गेलो, की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. नोकरी केली ती इंजिनाच्या जहाजांवर, पण वाचनाचा नाद जुन्या शिडाच्या जहाजांचा, आणि त्यातही त्यांच्या अपघातांचा. (हे असलं अभद्र वाचून झोप कशी लागते, असं घरी विचारतात. छान लागते.) चहाचा कप हातात धरून दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

वादळात बुडायची, नाही असं नाही. पण भर समुद्रात, खाली शेकडो वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाणी असताना, धड बांधलेलं लाकडी जहाज पुष्कळ सोसतं. शिडं उतरवायची, वारा ढकलेल तसं सरकायचं, पंप मारत राहायचं. सरकायला चारी बाजूंनी जागा असते. खलाशाला धास्ती असते ती जमिनीची. अठराव्या शतकातल्या व्यापारी जहाजांच्या अपघातांची वर्णनं काढून बसा, जहाज किनाऱ्यावर, प्रवाळाच्या खडकावर नाहीतर वाळूच्या दांड्यावर चढल्याचीच हकीगत पुन्हा पुन्हा वाचायला मिळेल. आणि कितीतरी वेळा कप्तानाच्या वहीप्रमाणे ती जमीन तिथे असायलाच नको होती.

ही वही कशी लिहायचे ते आधी सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. उत्तर-दक्षिण आपण कुठे आहोत ते भर दुपारी सूर्याची उंची मोजून बऱ्यापैकी कळायचं. पूर्व-पश्चिम मात्र अंदाजपंचे. जहाजाच्या मागच्या बाजूने दोरीला बांधलेली लाकडी फळी पाण्यात टाकायची. फळी पाण्यात जागच्या जागी राहते आणि जहाज पुढे जातं, तशी दोरी सुटत जाते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. अठ्ठावीस सेकंदांची वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत हातातून किती गाठी गेल्या, तो जहाजाचा वेग. आजही आम्ही वेग ‘नॉट’मध्येच सांगतो, तो या गाठींमुळे. वेग गुणिले वेळ, होकायंत्रावरची दिशा, आणि नकाशावर एक खूण. दुसऱ्या दिवशी त्या खुणेपासून पुढची खूण. खालचं पाणीच जर प्रवाहाने एका बाजूला वाहत असेल, तर फळीही त्याच्याबरोबर वाहते आणि गाठींना त्याचा पत्ता लागत नाही. चार महिन्यांच्या सफरीत ही चूक साचत साचत शेकडो मैलांवर जायची.

बटाविया या डच जहाजाचं हेच झालं. डच ईस्ट इंडिया कंपनीचं हे नवंकोरं जहाज ऑक्टोबर १६२८ मध्ये हॉलंडहून जाव्याला निघालं. तेव्हा कंपनीने सक्तीचा केलेला रस्ता असा होता : केप ऑफ गुड होपला वळसा घालून सरळ उत्तरेकडे यायचं नाही, दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर बसून पूर्वेला पळत सुटायचं आणि योग्य जागी डावीकडे, म्हणजे उत्तरेला वळायचं. कंपनीच्याच हेंड्रिक ब्राउवरने १६११ मध्ये हा मार्ग काढला आणि प्रवासाचे कितीतरी महिने वाचवले. अडचण एवढीच, की ‘योग्य जागी’ म्हणजे कुठे ते पूर्व-पश्चिम कळल्याशिवाय ठरत नाही. उशिरा वळलात की समोर ऑस्ट्रेलिया.

जहाजावरचा कंपनीचा मुख्य माणूस फ्रान्सिस्को पेल्सार्ट. हा आपल्याकडे बरीच वर्षं काढलेला. जहांगीरच्या काळात आग्र्याला कंपनीसाठी निळीचा व्यापार सांभाळायचा, मोगलांच्या राज्यातल्या लोकांच्या राहणीबद्दल त्याने लिहूनही ठेवलंय. जहाज हाकणारा होता आरियान याकोब्स. या दोघांचं सुरतेत असतानाच एकदा कडाक्याचं वाजलं होतं, आणि कंपनीने दोघांना नेमकं एकाच जहाजावर धाडलं. कंपन्यांच्या असल्या शहाणपणाबद्दल मी काही बोलत नाही, मीही नोकरी केलेली आहे.

४ जून १६२९ ची पहाट, अजून अंधार. पाळीवर याकोब्स स्वतः. समोर पांढरं काहीतरी दिसतंय असं टेहळ्या म्हणाला. याकोब्सने पाहिलं आणि लाटांवर चांदणं पडलंय असं ठरवलं. त्याच्या हिशेबाप्रमाणे जमीन कैक मैल लांब होती, मग फेस कुठून येणार? थोड्याच वेळात जहाज पूर्ण वेगात प्रवाळावर चढलं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरची ही हाउटमन अब्रोल्होस बेटं. जहाज हलकं व्हावं म्हणून तोफा पाण्यात लोटल्या, मग मुख्य डोलकाठी तोडली. ती बाहेर पडण्याऐवजी जहाजावरच आडवी झाली आणि होतं नव्हतं ते मोडून गेली.

बेटांवर मागे राहिलेल्या लोकांत पुढे येरोनिमस कोर्नेलिस नावाच्या माणसाने जी कत्तल घडवली, शंभराहून जास्त माणसं मारली, त्यासाठीच बटाविया प्रसिद्ध आहे. मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त खटकते. मदत आणायला निघालेले पेल्सार्ट आणि याकोब्स उघड्या होडीतून जाव्याला पोचले ते ३३ दिवसांत. तिथून नवं जहाज घेऊन पेल्सार्ट लोकांना सोडवायला निघाला, तर ती बेटं पुन्हा सापडायला त्याला दोन महिने लागले. ज्या खडकावर तो स्वतः आपटला होता, तोच खडक! चुकून सापडलेली जागा ठरवून सापडेना. बेटांवर जी माणसं मेली, त्यांतली बरीच त्या दोन महिन्यांतली आहेत.

“पण पुढे रेखांश काढायचं घड्याळ निघालं ना?” हा जोडप्रश्न. निघालं. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनचं समुद्री घड्याळ १७६० च्या दशकात कसोटीला उतरलं, चंद्रावरून रेखांश काढायची कोष्टकं १७६७ पासून छापून येऊ लागली. पण घड्याळ महागडं, व्यापारी जहाजांवर यायला दोन पिढ्या गेल्या. आणि आपली जागा अचूक कळली, तरी नकाशावर किनाराच चुकीच्या जागी काढलेला असेल तर काय करणार?

१७८२ मधलं ग्रोव्हनर घ्या. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं, हिंदुस्थानातून मायदेशी परतणारं जहाज. कप्तान कॉक्सन आफ्रिकेपासून आपण निदान तीनशे मैल दूर आहोत अशा समजुतीत होता. रात्री खलाशांना लांबवर उजेड दिसले, वणव्यासारखे. पहाटे पाळीवरचे लोक जमीन दिसतेय म्हणून सांगू लागले, तर अधिकारी ऐकेना. ४ ऑगस्टला जहाज दक्षिण आफ्रिकेच्या पोंडोलँड किनाऱ्यावर फुटलं. सव्वाशेच्या आसपास माणसं जिवंत किनाऱ्याला लागली. केपच्या वस्तीकडे चालत निघाली, आणि त्यांतली जेमतेम दीड डझन शेवटी घरी पोचली.

दीडशे वर्षांच्या अंतरावरचे हे दोन्ही अपघात शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे डोळ्यांना दिसत होतं आणि वही नाही म्हणत होती. दोन्हीकडे वहीचं ऐकलं. याकोब्सला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण पहाटेची पाळी केलेल्या माणसाला विचारा, झोपेने जड झालेल्या डोळ्यांना समोर जे दिसतं त्याला मन किती पटकन सोयीचं नाव देतं ते.

वहीवर विसंबायचं नसेल तर तळ चाचपायचा, हा खरा उपाय. शिशाचा लांबट गोळा दोरीला बांधून पुढच्या बाजूला फेकायचा आणि जहाज त्याच्यावर येईपर्यंत तळ लागतो का बघायचं. दोरीवर खुणा असायच्या त्या अंधारात हाताला कळाव्यात अशा. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन, पाच वावांवर पांढऱ्या कापडाची चिंधी, सात वावांवर लाल. रंग रात्री दिसत नाही, म्हणून कापडही वेगवेगळ्या पोताचं. बोटांना कळलं नाही तर जिभेला लावून बघत, असंही सांगतात. गोळ्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी चोपडलेली. तिला चिकटून तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा वर यायचा. कसलेला माणूस तेवढ्यावरून इंग्लिश खाडीत आपण कुठे आहोत ते सांगायचा. पण किनारा जिथे हळूहळू उथळ होत जातो तिथेच ही युक्ती. अब्रोल्होससारखं प्रवाळ खोल पाण्यातून एकदम वर येतं. आत्ता तळ लागत नाही आणि पुढच्या क्षणी तुम्ही त्याच्यावर.

नकाशांचं दुखणं एका माणसाने फार मनावर घेतलं, आणि त्याचा मुंबईशी संबंध आहे. जेम्स हॉर्सबर्ग. मे १७८६ मध्ये ॲटलास नावाच्या जहाजावर तो पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी होता. बटावियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, सिलोनला जाताना नकाशाच्या चुकीमुळे जहाज हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर चढलं आणि गेलं. हॉर्सबर्ग तिथून मुंबईला आला, चीनच्या व्यापाराच्या जहाजांवर पुन्हा नोकरीला लागला आणि तेव्हापासून जिथे जाईल तिथलं टिपत सुटला : खोली, प्रवाह, खडक, वायुभारमापकाचे आकडे. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला जलसर्वेक्षक नेमलं. पूर्वेकडच्या सफरींसाठी त्याने लिहिलेली मार्गदर्शिका कप्तान लोक कित्येक दशकं उशाशी ठेवून झोपत. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी १८५१ मध्ये त्याच्या नावाचं दीपगृह उभं राहिलं, ते आजही चालू आहे. आपल्याकडे खांदेरीचा दिवा १८६७ चा आणि कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्जचा १८७५ चा. शिडाची सद्दी संपत आली तेव्हा कुठे मुंबईच्या वाटेवर पुरेसा उजेड पडला.

आता समजा, कुठे आहात ते पक्कं ठाऊक आहे. तरी सुटका नाही. चौकोनी शिडांच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. वाऱ्यापासून सहासष्ट-सदुसष्ट अंश बाजूला, त्याच्या आत नाही. शिवाय ते आडवं सरकतं ते वेगळंच. वारा किनाऱ्याकडे वाहतोय आणि तुम्ही किनारा आणि वारा यांच्या मधे सापडलात, तर या बाजूला तिरके जा, त्या बाजूला तिरके जा, प्रत्येक फेरीत थोडे किनाऱ्याकडेच. शेवटी नांगर. नांगर घसरला की संपलं. इंजिन असतं तर मागे घेतलं असतं, इथे मागे घेणं हा प्रकारच नाही. हिंदुस्थानला निघालेलं हॅल्सवेल ६ जानेवारी १७८६ ला असंच इंग्लंडच्याच डॉर्सेट किनाऱ्यावर कड्याखाली फुटलं. कप्तान पिअर्स आणि त्याच्या दोन मुली धरून जहाजावर अडीचशेच्या घरातली माणसं. जवळच्या दगडखाणीतल्या कामगारांनी कड्यावरून दोर सोडून जी वर ओढली, ती धरून ७४ वाचली. इथे वादळ होतं, हे कबूल.

पण वारा पडल्यानेही जहाज जातं, हे ऐकल्यावर लोक चहा प्यायचे थांबतात. अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचंच मोठं जहाज, बंगाल आणि चीनला निघालेलं. कप्तान जॉन वर्ड्सवर्थ, कवी वर्ड्सवर्थचा सख्खा भाऊ. ५ फेब्रुवारी १८०५ ला पोर्टलंडजवळून, वाट दाखवणारा स्थानिक पायलट जहाजावर असताना, आसऱ्याला आत शिरत होते. वारा पडला, भरती-ओहोटीच्या ओढीने जहाज शँबल्स नावाच्या दांड्यावर नेऊन ठेवलं. पुढे ते सुटलं, पण बुडाला भोक पडलेलं. किनाऱ्यावर घालू म्हणून वेमथकडे नेत असताना रात्री बुडालं. किनारा दीड-दोन मैलांवर, डोलकाठ्या पाण्याच्या वर, दोरांना माणसं लटकलेली. अडीचशेहून जास्त गेली, कप्तानही. (“खजिना?” होता. चांदीच्या पेट्या होत्या, त्या नंतर पाणबुड्यांनी काढल्या. निराश होऊ नका.)

मालाचीही एक गंमत सांगितली पाहिजे. १९३६ मध्ये, शिडाच्या व्यापाराची अखेरची धुगधुगी असताना, हेर्झोगिन सेसिली हे चार डोलकाठ्यांचं पोलादी जहाज ऑस्ट्रेलियाचा गहू भरून इंग्लंडला पोचलं होतं. हो, पोचलं होतं. फॅलमथला पुढचा हुकूम घेतला, इप्सविचला निघालं आणि २५ एप्रिलला धुक्यात डेव्हनच्या खडकांवर चढलं. अर्धं जग पार करून शेवटच्या टप्प्यात. माणसं वाचली. पाणी मात्र गव्हापर्यंत गेलं. भिजलेला गहू फुगतो हे आपल्याला चीक काढताना ठाऊक असतं. इथे तो हजारो टन होता. त्याने डेक उचलून फोडले. मग कुजायला लागला. दुरुस्तीसाठी जहाज सॅल्कमच्या खाडीत आणायचं म्हटलं, तर तिथल्या लोकांनी वासाच्या भीतीने विरोध केला. शेवटी बाहेरच्या स्टारहोल उपसागरात नेलं. तिथल्या वाळूखाली खडक निघाला आणि जहाजाचा कणा मोडला.

शेवटी कुणीतरी म्हणतंच, “आता जीपीएस आहे, आता काही हे होत नाही.” जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे तीनशे मीटर लांबीचं मालवाहू जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं आणि तेल सांडलं. जहाज भाड्याने घेतलेल्या जपानी कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की बेटापासून २२ सागरी मैल दूर राहायचा बेत आधी ५ मैलांवर आणि मग २ मैलांवर आणला होता. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून. आणि किनाऱ्याजवळची खोली दाखवील एवढा मोठ्या प्रमाणाचा नकाशा वापरलाच नव्हता.