तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी सुटताना ते डिझेल इंजिन एवढा काळा धूर का सोडतं?

मला रेल्वेचं वेड आहे हे एकदा कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "अहो ती डिझेल इंजिनं सुटताना एवढा काळा धूर का ओकतात, जुनी झालीत म्हणून का?" लग्नकार्यात विचारतात, प्लॅटफॉर्मवर शेजारी उभे असलेले अनोळखी लोक विचारतात, आणि तोंडी सांगायला गेलं की उत्तर अर्धंच राहतं. म्हणून आज नीट लिहितो.

आधी कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय ते सांगतो. तुम्ही चाळिशीच्या पुढचे असाल आणि डिझेलवर चालणाऱ्या एक्सप्रेसने लांबचा प्रवास केला असेल तर बहुतेक तेच इंजिन तुमच्या गाडीला होतं, डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, म्हणजे पॅसेंजर आणि मालगाडी दोन्हीला चालणारं. डिझाइन अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं. पहिली इंजिनं 1962 मध्ये तिकडून आली आणि जानेवारी 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यातून आपली बाहेर पडायला लागली. अडीच हजारांहून जास्त बनली. आणि मला कायम भारी वाटतं ते हे, की अल्कोने 1969 मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, पण त्यांचं आतलं ते 251 जातीचं 16 सिलिंडरचं डिझेल यंत्र आपल्याकडे त्याच्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिलं, सुधारत राहिलं. डब्ल्यूडीएम-२ 2600 हॉर्सपॉवरचं, पुढे त्याच घराण्यातलं डब्ल्यूडीएम-३ए 3100 चं आणि ३डी 3300 चं झालं. त्यामुळे मी खाली जे लिहितोय ते या सगळ्यांनाच लागू आहे.

आता धूर. डिझेल पूर्ण जळायला भरपूर हवा लागते, हवा कमी पडली की अर्धवट जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर येतो, आपण बघतो तो काळा धूर म्हणजे हीच काजळी. मग हवा कमी का पडते? तर या इंजिनाला हवा दाबून भरायचं काम टर्बो करतो आणि अल्कोचा टर्बो फिरतो तो निव्वळ इंजिनाच्याच बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला 400 फेऱ्यांवर नुसतं धुगधुगत असतं, तेव्हा एक्झॉस्टमध्ये दम नसतो म्हणून टर्बोही आळसावलेला असतो. सिग्नल मिळतो, ड्रायव्हर नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवतो (एकूण 8 नॉच असतात), गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारं यंत्र, लगेच जास्त डिझेल सोडतो, पण हवा कुठंय? टर्बोला वेग यायला आधी जास्त एक्झॉस्ट हवा, जास्त एक्झॉस्ट यायला आधी जास्त डिझेल जळायला हवं आणि ते नीट जळायला टर्बोची हवा हवी, म्हणजे सगळंच एकमेकांवर अडून बसलेलं. या मधल्या काही सेकंदांत डिझेल पुढे गेलेलं असतं आणि हवा मागे राहिलेली असते. तो तुम्हाला दिसणारा काळा लोट. मग टर्बोची शिट्टी चढत जाते, हवा डिझेलला गाठते आणि धूर विरळ होत होत नुसती गरम हवेची थरथर उरते.

म्हणजे कोरं करकरीत इंजिनसुद्धा सुटताना धूर सोडायचंच. ते खराब नसायचं, दम घेत असायचं.

मला हे पुस्तकात वाचायच्या आधी कानाने कळलं होतं. लहानपणी पुण्याहून मिरजेकडे जाताना पुणे स्टेशनात विजेवरचं इंजिन काढून डिझेल लावायचे आणि मी खिडकीची जागा सोडायचो नाही. आळंदी स्टेशन गेलं की शिंदवण्याचा घाट लागतो, वळणं, बोगदे, चढ, आणि वळणावर पुढचं इंजिन पूर्ण दिसायचं. ड्रायव्हरने नॉच वाढवला की आधी आवाज जड व्हायचा, मग धूर, मग दोन-चार सेकंदांनी ती शिट्टी, आणि त्याच्यानंतरच डबा पाठीला हलकं ढकलल्यासारखा ओढला जायचा. हा क्रम कधी चुकला नाही. बोगद्यात मात्र सगळे खिडक्या खाली ओढायचे आणि ते बरोबरच होतं, तो धूर फुप्फुसात जाण्यासारखा नाहीच. मला तो बघायला आवडायचा म्हणून तो चांगला होता असं मी कधीच म्हणणार नाही.

ड्रायव्हरच्या हाताचाही फरक पडतो बरं का. जाणता माणूस एक नॉच देऊन थांबतो, इंजिनावर किती भार आलाय ते दाखवणाऱ्या लोड मीटरचा काटा बघतो, टर्बोला चढू देतो, मग पुढचा. अशा हाताखाली तेच इंजिन बराच कमी धूर सोडतं.

मग खराब इंजिन कसं ओळखायचं, तर वेळेवरून आणि रंगावरून. नॉच स्थिर आहे, गाडी वेगात आहे आणि तरी काळा धूर थांबतच नाही, तर एअर फिल्टर तुंबलाय, टर्बो दमलाय किंवा इंजेक्टर डिझेलची नीट फवारणी करत नाहीये असं काहीतरी असतं. निळसर धूर म्हणजे वंगणाचं तेल जळतंय. इंजिनांची देखभाल होते त्या शेडमधले लोक लांबून नुसता धूर बघून सांगतात आणि त्यांच्या त्या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे.

"मग नवीन डिझेल इंजिनं एवढा धूर का नाही सोडत?" हा पुढचा प्रश्न. डब्ल्यूडीपी-४, डब्ल्यूडीजी-४ ही ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातली, यांचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला स्वतःहून हवा ओढून घ्यायचा स्ट्रोकच नसतो, त्यामुळे पहिल्या क्षणापासून कुणीतरी हवा ढकलावीच लागते. म्हणून त्यांचा टर्बो सुरुवातीला गिअरने थेट इंजिनाला जोडलेला असतो आणि एक्झॉस्टला जोर आला की क्लच सुटून त्याच्यावर फिरायला लागतो. त्यामुळे हवा सहसा एवढी मागे राहत नाही. अल्को फोर-स्ट्रोक, ते आपली हवा आपण ओढू शकतं, म्हणून त्याला ती जोडणी दिली नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

आणि हो, "स्टेशनात तासभर उभं असताना बंद का नाही करत" हेही विचारता. ब्रेकसाठी लागणारी हवा आणि व्हॅक्यूम तयार करणारं यंत्र इंजिनाच्याच शाफ्टवर चालतं, इंजिन बंद म्हणजे तेही बंद. शिवाय एवढं अवजड इंजिन परत फिरवायला बॅटरीवर जबरदस्त लोड येतो, त्यात बॅटरी उतरलेली असेल तर गाडी तिथंच अडकली.

आता कोकण रेल्वेवरसुद्धा 2022 पासून पूर्ण मार्गावर वीज आहे आणि डिझेल इंजिन मुद्दाम शोधावं लागतं. कधी एखाद्या यार्डात अल्को दिसलंच तर ते हलायची वाट बघा, धूर सुटला की मनात आकडे मोजा आणि शिट्टी कितव्या आकड्याला चढते तिकडे कान द्या.