अंधाऱ्या स्टुडिओतला एक तास

या प्रवासाचं एकूण अंतर जेमतेम तीस-चाळीस पावलं. वेळ एक तास. सामान काही नाही, मोबाइलसुद्धा बाहेर लॉकरमध्ये.

सहलीच्या शेवटच्या दिवशी पावसाने बाहेरचे सगळे बेत धुऊन काढले. आता काय करायचं यावर आम्हा पाच जणांचं एकमत होईना, तेव्हा कप्तानाने कोणालाही न विचारता एका हॉरर एस्केप रूमचं बुकिंग करून टाकलं. 'कप्तान' हे पद त्याचं त्यानेच घेतलेलं आहे, निवडणूक वगैरे झालेली नाही. बाकी मंडळी अशी: डॉक्टर, जी खरोखरच डॉक्टर आहे; मौनीबाबा, जो दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतो; बडबडी, जी त्याचा कोटा भरून काढते; आणि मी.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका खोलीत तुम्हाला सोडतात, दार बंद होतं आणि आतल्या वस्तूंमध्ये दडवलेली कोडी सोडवत साठ मिनिटांत बाहेर पडायचं. हे आधी कॉम्प्युटरवर खेळत असत. माणसांनी प्रत्यक्ष खेळायचा पहिला खेळ 2007 साली जपानमधल्या क्योटोत ताकाओ कातो यांनी 'स्क्रॅप' या त्यांच्या कंपनीतर्फे घडवून आणला. पुढे 2011 मध्ये बुडापेस्टला अत्तिला ग्युर्कोविच यांनी 'पॅरापार्क' सुरू केलं आणि तिथून युरोपात ही लाट पसरली. भुताटकी त्यात कोणी कधी घातली ते मला ठाऊक नाही, पण ज्याने घातली त्याला माणसाची चांगलीच पारख असणार. कोडं सोडवायला डोकं शांत लागतं आणि भीती नेमकी तेच होऊ देत नाही.

आमच्या खोलीचा विषय होता बंद पडलेला फोटो स्टुडिओ. गोष्ट नेहमीच्याच वळणाची: फोटोग्राफर नाहीसा झालेला, त्याने काढलेल्या शेवटच्या फोटोतली माणसंही नाहीशी झालेली. गोष्टीला मी फारसे गुण देणार नाही. खोली मात्र ज्याने रचली त्याला पैकीच्या पैकी.

आत सोडण्याआधी गेम मास्टरने, म्हणजे बाहेरून खेळ चालवणारीने, संमतीपत्रं पुढे केली. शिडशिडीत, हळू आवाजात बोलणारी मुलगी होती. अंधार आहे, अचानक मोठे आवाज होतील, प्रखर प्रकाशाचा झोत पडेल. कोणाला अपस्मार, हृदयविकार, बंद जागेची भीती? आत एक नट असेल, तो तुम्हाला हात लावणार नाही, तुम्हीही त्याला लावायचा नाही. 'प्रखर प्रकाशाचा झोत' या ओळीकडे आमच्यापैकी कोणीही नीट लक्ष दिलं नाही. सगळा खेळ त्या ओळीत होता.

डॉक्टरने सह्यांच्या आधीच विचारलं, "आग लागली तर?" कप्तान वैतागला, पण प्रश्न रास्त होता. पोलंडमधल्या कोशालिन गावात 4 जानेवारी 2019 रोजी अशाच एका ठिकाणी आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली दगावल्या. मैत्रिणीचा वाढदिवस साजरा करायला गेल्या होत्या आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही. त्यानंतर तिथल्या सरकारने देशभरातल्या एस्केप रूम तपासायला घेतल्या आणि कित्येक बंद केल्या. गेम मास्टरला हा प्रश्न नवा नसावा. तिने दाराजवळचं हिरवं बटण दाखवलं आणि ते आम्हाला स्वतः दाबून बघायला लावलं. दार विद्युतचुंबकाने धरून ठेवलेलं असतं. वीज आहे तोवरच ते बंद राहतं, बटण दाबलं किंवा वीज गेली की आपोआप सुटतं. शिवाय ती पूर्ण वेळ कॅमेऱ्यावरून बघत असणार होती. जिथे हे बटण दाखवत नाहीत तिथे भूत कितीही झकास असलं तरी मी पाऊल टाकणार नाही.

दार बंद झालं. समोर स्टुडिओची बैठकीची खोली. मागे रंगवलेला पडदा, त्यापुढे लाकडी बाक, बाकासमोर तिकाटण्यावर जुना पेटी-कॅमेरा आणि त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं काळं कापड. उजेड एका मिणमिणत्या दिव्याचा. पाचही जणांची नजर त्या काळ्या कापडावर खिळली. आत कोणीतरी आहे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बडबडीचं बोलणं तिथून जे सुरू झालं ते अखंड. "मी काही घाबरलेली नाहीये, मी फक्त बोलतेय" हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं की पुढे आम्हाला तो पार्श्वसंगीताचा भाग वाटू लागला.

भिंतीवर घरंदाज कुटुंबांचे फोटो होते आणि टेबलावर गिऱ्हाइकांची वही. पेटीला आकड्यांऐवजी दिशांचं कुलूप: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कोणी फोटोंच्या मागे शोधतंय, कोणी चौकटी मोजतंय, कप्तान सगळ्यांना सूचना देतोय आणि मौनीबाबा एका जागी उभा. बऱ्याच वेळाने त्याने दिवसाचं पहिलं वाक्य खर्ची घातलं: "प्रत्येक फोटोत एक जण कॅमेऱ्याकडे बघत नाहीये."

खरंच. एका फोटोतली आजी छताकडे बघत होती, दुसऱ्यातला मुलगा जमिनीकडे, तिसऱ्यातली नवरी बाजूला. वहीतल्या तारखांवरून फोटोंचा क्रम लागला. डॉक्टरने कुलूप हातात घेतलं, दिशा फिरवल्या, कुलूप ढिम्म. पुन्हा केलं, पुन्हा ढिम्म. भांडण जुंपलं. मग लक्षात आलं की नवरी बघणाऱ्याच्या डावीकडे बघत होती आणि डॉक्टर कुलूप उजवीकडे सरकवत होती. तिला ते विचित्र वाटतच नव्हतं. समोरच्या माणसाची डावी बाजू ती डावी, आपली नव्हे, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की तिच्या लेखी फोटोतली नवरीसुद्धा पेशंटच. "एक्स-रे असाच वाचतात," ती तणतणत म्हणाली. बाजू बदलली आणि कुलूप उघडलं. पेटीतल्या किल्लीने बाजूचं दार उघडलं आणि आम्ही डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, गेलो.

तिथे फक्त लाल दिवा. दोरीवर चिमट्यांनी अडकवलेले फोटो, खाली ट्रे, हवेत आंबूस वास. हा लाल दिवा नुसत्या वातावरणासाठी नव्हता, हे मला नंतर उमगलं. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या कागदावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही, म्हणून डार्करूममध्ये तो वापरतात. आपल्या डोळ्यातल्या अंधारात काम करणाऱ्या पेशीही लाल उजेडाला फारशी दाद देत नाहीत. त्या पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे आम्ही तिथे चिमटे चाचपडत असताना खोली आमचे डोळे अंधारासाठी तयार करत होती.

इथलं कुलूप चार आकड्यांचं. कप्तानाने सगळे आकडे फिरवून बघायची टूम काढली. शक्यता 10,000, एकेका आकड्याला तीन सेकंद धरले तरी आठ तासांवर काम, आणि आमच्या हातात अर्धा तासही उरला नव्हता. तेवढ्यात भिंतीतून कोणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. बडबडीने माझा दंड धरला तो सोडलाच नाही. गंमत म्हणजे तो आवाज सुरू असताना आमच्यापैकी कोणालाही समोरचं दिसत नव्हतं. निगेटिव्हच्या पट्ट्या पडल्या होत्या, खालून उजेड येणारं काचेचं टेबल होतं आणि आम्ही पाच शिकलेली माणसं भिंतीकडे बघत होतो. आवाज थांबला आणि मिनिटभरात बडबडीनेच दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या. अर्धवट रेषा जुळून आकडे तयार झाले. तीन आकडे स्पष्ट, चौथा खरवडलेला. आता मात्र कप्तानाची टूम कामाची होती: उरल्या दहाच शक्यता.

कप्प्यात एक रबरी फुगा निघाला, लांब नळीचा, जुन्या कॅमेऱ्याचं शटर उघडायला वापरायचे तसला. सोबत चिठ्ठी: 'शेवटचा फोटो राहिला आहे. बाकावर बसा.'

म्हणजे परत त्या काळ्या कापडाकडे. मौनीबाबा, डॉक्टर, बडबडी आणि मी बाकावर बसलो, फोटो काढायला कप्तान. फुगा जोडण्याआधी त्याने दीर्घ श्वास घेऊन ते कापड झटक्यात वर केलं.

आत कोणी नव्हतं.

इतका वेळ ज्याची धास्ती घेतली ते नाहीच म्हटल्यावर आम्ही मोकळेपणाने हसलो. कप्तान तर ऐटीत म्हणाला, "स्माइल!" दिवा विझला. फुगा दाबल्याचा फुस्स आवाज आला आणि फ्लॅश पडला.

त्या क्षणभराच्या उजेडात कप्तानाच्या खांद्याला जवळजवळ खेटून एक बाई उभी होती. पांढरा चेहरा, ओले केस, आमच्याकडे रोखलेली नजर. मग पुन्हा गडद अंधार, आणि डोळ्यांसमोर तीच आकृती हिरवट होऊन तरंगत राहिलेली, जिकडे बघावं तिकडे. आम्ही चौघेही किंचाळलो. चौघांतला सर्वात मोठा आवाज मौनीबाबाचा होता, याला साक्षीदार आहेत. बिचाऱ्या कप्तानाला मात्र त्याच्या बाजूला काय आहे ते दिसलंच नव्हतं. त्याला दिसली ती त्याच्याकडे बघून ओरडणारी चार माणसं. "काय झालं? अरे, काय झालं?" तो अंधारात विचारत राहिला आणि कोणीही त्याला उत्तर देईना.

मी मागे वळले ते पळायला. आणि तिथे दुसरा धक्का. रंगवलेला पडदा फिकट हिरवा चमकत होता. रंगात उजेड साठवणारं द्रव्य मिसळलेलं असणार, फ्लॅशचा प्रकाश पिऊन ते आता झळकत होतं. जिथे आमच्या अंगांनी उजेड अडवला तिथे सावल्या काळ्या राहिल्या होत्या. बाकावर आम्ही चार जण बसलो होतो. सावल्या पाच होत्या.

बडबडी या वेळी पूर्ण गप्प होती. खेळातली सर्वात भयंकर गोष्ट मला तीच वाटली.

पाचव्या सावलीच्या हातापाशी डॉक्टरने चाचपलं. पडद्याला तिथे एक खिसा शिवलेला होता आणि खिशात पितळी किल्ली. तेवढा भाग मुळात त्या रंगाने रंगवलेलाच नव्हता, एवढंच. पण हे समजायला डोकं जागेवर लागतं. किल्ली कप्तानाने घेतली, थरथरत्या हाताने शेवटच्या दाराला लावली आणि आम्ही अक्षरशः एकमेकांच्या अंगावर कोसळत बाहेर पडलो. घड्याळात दोनेक मिनिटं शिल्लक होती.

खरा माल इथून पुढे आहे. आम्ही भंडावून सोडलं म्हणून गेम मास्टरने आम्हाला तिची खोली दाखवली. एक खुर्ची, अंधारातही दिसणाऱ्या कॅमेऱ्यांचे चार पडदे आणि बटणांची एक पाटी. मला वाटत होतं आवाज ठरावीक वेळी आपोआप वाजत असतील. छे! श्वासाचा आवाज तिने हाताने सुरू केला होता आणि आम्ही गोठलो आहोत हे बघून तिनेच बंद केला. "घाबरलेली माणसं कोडं सोडवत नाहीत," ती म्हणाली. "जे मस्ती करतात त्यांना जास्त देते, जे कोपऱ्यात जमतात त्यांना कमी." फ्लॅशचं बटणही तिच्याच हाती. फुगा दाबून काहीच होत नाही! चौघांची तोंडं कॅमेऱ्याकडे आहेत आणि कोणी हसतंय, हे दिसलं की ती बटण दाबते. म्हणजे आम्ही हसेपर्यंत ती थांबली होती.

डेन्मार्कमधल्या आरहुस विद्यापीठाच्या संशोधकांनी वायले इथल्या एका भूतबंगल्यात 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. त्यांचा निष्कर्ष 2020 मध्ये आला: भीती फार कमी असली तर मजा नाही, फार झाली तरी नाही, मजा मधल्या पट्ट्यात. त्या मुलीने तो निबंध वाचलेला असण्याची शक्यता कमी आहे. पण समोरच्या माणसाला त्या मधल्या पट्ट्यात तासभर धरून ठेवायचं काम ती रोज करत होती, तेही पाच वेगवेगळ्या स्वभावांना एकाच वेळी. भुताची भूमिका करणारी बाई केस पुसत तिथेच बसली होती. चांगली हसतमुख होती. कॅमेऱ्याशेजारची भिंत दारासारखी सरकते आणि कप्तान फुगा जोडण्यात गुंतला की ती अनवाणी आत येते, असं तिने सांगितलं. कप्तानाने तिच्याशी हस्तांदोलन केलं, पण थोडं अंतर राखूनच.

आम्ही जिना उतरून फाटकापर्यंत आलो तर वरून हाका. गेम मास्टर धावत येत होती. पुढचा गट दाराशी ताटकळत होता, पडद्याच्या खिशात किल्ली परत ठेवायची होती आणि किल्ली कुठे सापडत नव्हती. आम्ही चौघांनी न बोलता कप्तानाकडे बघितलं. त्याने डावी मूठ उघडली. किल्ली तिथेच होती, तळहातावर तिचा दातेरी ठसा उमटलेला. "मला वाटलं लागेल," तो म्हणाला.