तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीशी उभी असलेली माणसं

‘‘स्पार्टाकस’ मालिका तुम्ही पुन्हा पुन्हा कशी पाहता? एवढं रक्त सहन होतं?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट सांगूनच टाकते. स्पार्टाकस हा प्राचीन रोमच्या राज्यातला गुलाम ग्लॅडिएटर, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी आखाड्यात शस्त्रांनी लढणारा. त्याने केलेल्या गुलामांच्या उठावाची ही मालिका.

आधी रक्ताचं. 2010 ते 2013 या काळात आलेल्या या मालिकेतलं रक्त खऱ्यासारखं नाहीच. तलवार संथ गतीत फिरते, लाल चिळकांडी पडदाभर उडते, मागचं आभाळ चितारल्यासारखं दिसतं. पहिल्या भागांत मीही मान फिरवायची. मग डोळा सरावला आणि आखाड्याबाहेरचं दिसायला लागलं.

इटलीतल्या कापुआ शहरात ग्लॅडिएटरांचा मालक बाटिॲटस याचं घर आहे. वर मालकांचे दिवाणखाने, खाली ग्लॅडिएटरांची तालीम. वर नवरा-बायको खुनाचे बेत आखतात, भांडतात, शेजेवर असतात आणि भिंतीशी कुणीतरी गुलाम मुलगी सुरई धरून उभी असते. त्यांच्यासमोर कुणी आवाजसुद्धा खाली आणत नाही. लाज माणसापुढे वाटते, आणि हे कुणी माणसांत धरलेलेच नाहीत. वारो या रोमन लेखकाच्या शेतीवरच्या ग्रंथात अवजारांची वर्गवारी आहे : गाडी मुकं अवजार, बैल अर्धवट आवाजाचं आणि गुलाम बोलणारं. ते वाक्य वाचलं होतं, पण ते कळलं या सुरईवाल्या मुलींकडे बघताना. आता मी मालिका पाहते ती त्यांच्या चेहऱ्यांसाठी.

खरा उठाव इसवी सनापूर्वी 73 सालचा. प्लुटार्क हा प्राचीन ग्रीक चरित्रकार लिहितो की दोनशे जणांचा कट फुटला, तरी 78 जण निसटले. हातात काय होतं? स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया. पुढे व्हेसुव्हियस डोंगराच्या कड्यावरून ते रानवेलींच्या शिड्या करून उतरले आणि रोमन तळावर मागून तुटून पडले. दोन वर्षांनी क्रॅसस या रोमन सेनापतीने त्यांना संपवलं. सहा हजार कैदी कापुआ ते रोम रस्त्यावर क्रुसांवर चढवले गेले. अंतर दोनशेएक किलोमीटर. भागाकार केला तर दर तीसेक मीटरला एक माणूस येतो. तो हिशेब केला त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक गोष्ट मात्र मी मालिकेला माफ करत नाही. स्पार्टाकसच्या बायकोला तिथे सुरा हे नाव दिलंय. गाडीतून ती मरणपंथाला लागलेली येते आणि त्याच्या मिठीत प्राण सोडते. स्पार्टाकस झालेल्या अँडी व्हिटफील्डने तो प्रसंग असा केलाय की आजही गळा दाटतो. 2011 मध्ये तो स्वतःच कर्करोगाने गेला. पण ती मरते ती नायकाच्या सुडाला कारण हवं म्हणून. प्लुटार्कने तिचं नाव दिलेलं नाही. ती त्याच्याच जमातीची, भविष्य सांगणारी, एवढंच तो सांगतो. आणि हेही, की तो निसटला तेव्हा ती त्याच्याबरोबर होती.