९८ एसई की एक्सपी: ८६५ च्या बोर्डावर एमएक्स३०० शेवटी चाललं

मंडळी, एमएक्स३०० हे माझं जुनं साउंड कार्ड चाललं! मागच्या अपडेटमध्ये मी जवळजवळ जाहीरच केलं होतं की विंडोज ९८ एसई या बोर्डावर (इंटेल ८६५ चिपसेटचा जुना मदरबोर्ड) टिकत नाही, डिस्क फॉरमॅट करून सरळ विंडोज एक्सपी टाकतो. तो बेत आता रद्द. काल रात्री हाफ-लाइफ हा गेम ए३डी (आवाज कुठून येतोय ते कानाला कळवणारं तंत्र) ऑन करून सलग खेळलो, आवाज कुठे अडकला नाही, मशीन गोठलं नाही, आणि हेडफोनमध्ये जे ऐकू आलं त्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता. सविस्तर लिहितोय कारण ८६५ वर ९८ चालवणारे इथे बरेच आहेत आणि बहुतेक जण याच जागी येऊन अडकलेत.

"९८ सोड, एक्सपी टाक" हा सल्ला खूप जणांनी दिला होता, आणि तो चुकीचा मुळीच नाही. २००१ नंतरच्या गेम्ससाठी एक्सपीच. स्थिर आहे, १ जीबी रॅमला कुरकुर करत नाही, यूएसबी पेनड्राइव्ह लावला की लगेच दिसतो. पण माझं एमएक्स३०० कार्ड आहे ऑरियलच्या व्होर्टेक्स २ चिपचं. ऑरियल ही कंपनी साउंड कार्डवाल्या क्रिएटिव्हबरोबरचा पेटंटचा खटला जिंकूनसुद्धा २००० साली दिवाळखोरीत गेली, मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली, आणि एक्सपी बाजारात आलं ऑक्टोबर २००१ मध्ये. म्हणजे एक्सपी आलं तेव्हा या कार्डाचा ड्रायव्हर लिहायला कोणी उरलंच नव्हतं! एक्सपीत कार्डातून आवाज येतो, नाही असं नाही, पण ए३डी २.० चं वेव्हट्रेसिंग, म्हणजे भिंतीवर आपटून येणारा आवाज हिशोबाने काढणं, ते ९८ च्या जुन्या पद्धतीच्या, व्हीएक्सडी ड्रायव्हरवरच मिळतं. त्यामुळे माझं मत पक्कं झालंय की जुन्या गेमिंगसाठी आधी साउंड कार्ड ठरवा, ओएस त्याच्यामागून आपोआप ठरते. फ्रेमरेटची तुलना करत बसणं निरर्थक आहे, जीफोर्स ४ टीआय ४२०० या माझ्या ग्राफिक्स कार्डावर १९९८ चे गेम दोन्हीकडे पळतातच.

आणि "विंडोज ११ वरच चालव ना" म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. विंडोज व्हिस्टापासून डायरेक्टसाउंडचा, म्हणजे गेमच्या आवाजाचा, साउंड कार्डाच्या हार्डवेअरकडे जाणारा रस्ताच मायक्रोसॉफ्टने काढून टाकला, २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हा सेफडिस्क या कॉपी-प्रोटेक्शनचा ड्रायव्हर बंद केला त्यामुळे कपाटातल्या कितीतरी ओरिजिनल सीड्या नुसत्या फिरतात, आणि ६४ बिट विंडोजवर जुने १६ बिट इन्स्टॉलर उघडतच नाहीत. डीजीव्हूडू, डॉसबॉक्स ही जुने गेम नव्या विंडोजवर चालवणारी सॉफ्टवेअर, हे सगळं भारी काम आहे, मी रोज वापरतो, पण खऱ्या कार्डातून खरा आवाज काढायचा असेल तर खरं ९८ लागतंच.

आता मुख्य दुखणं.

बोर्ड ८६५पीई, पेंटियम ४ २.४, १ जीबी रॅम, ८० जीबीची आयडीई डिस्क. पहिली अडचण तुम्हाला माहितीच आहे, ५१२ एमबीच्या वर रॅम असली की ९८ बूट होताना "मेमरी पुरेशी नाही" म्हणतं. कारण असं की व्हीकॅश (९८ चा डिस्क कॅश) स्वतःसाठी रॅमच्या प्रमाणात ॲड्रेस राखून ठेवतं, एजीपी ॲपर्चर, म्हणजे एजीपी स्लॉटमधल्या ग्राफिक्स कार्डासाठीची राखीव जागा, तेही त्यातच येतं, आणि मग जागाच उरत नाही. सिस्टम डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हीकॅशखाली मॅक्सफाइलकॅश २६२१४४ टाकलं, ३८६एन्हखाली मॅक्सफिजपेज ३०००० टाकलं (हा आकडा हेक्समधला, ४ केबीची पानं, म्हणून ७६८ एमबी होतात), बायोसमध्ये ॲपर्चर १२८ वरून ६४ वर आणलं. बूट झालं. डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कने ८० जीबीची डिस्क १० जीबी दाखवली तेही अपेक्षितच, ६४ जीबीच्या वर त्याचा हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, मायक्रोसॉफ्टचं सुधारलेलं एफडिस्क घेतलं की काम झालं.

खरा छळ पुढे सुरू झाला. डेस्कटॉपवर सगळं छान, विंडोजचा स्टार्टअप आवाज छान, एमपी३ छान. गेम सुरू केला की कधी दोन मिनिटांनी, कधी लेव्हल लोड होतानाच, आवाजाचा शेवटचा तुकडा टर्रर्र करत गोल फिरायला लागायचा आणि माऊससकट सगळं थंड. रीसेटशिवाय इलाज नाही. रीसेट केलं की स्कॅनडिस्क. ड्रायव्हर बदलले, जीफोर्सच्या ४५.२३ वरून खाली आलो, डायरेक्टएक्स ९ काढून स्वच्छ इन्स्टॉलवर ७ पर्यंत मागे गेलो, रॅमची एक स्टिक काढली, काही फरक नाही. आणि वैताग याचा की त्याच बोर्डावर, त्याच कार्डांवर, दुसऱ्या डिस्कवरचं एक्सपी तासन्‌तास चालायचं. म्हणजे हार्डवेअर धडधाकट होतं.

इथेच धागा सापडला. एक्सपीत सगळं नीट आणि ९८ मध्ये नाही, असा फरक नेमका कशात पडतो? एक्सपी या बोर्डावर एपिक (इंटरप्ट वाटणारा नवा कंट्रोलर) मोडमध्ये इन्स्टॉल होतं, तिथे २४ इंटरप्ट लाईन मिळतात, म्हणजे आयआरक्यू, ज्यावरून डिव्हाइस प्रोसेसरला हाक मारतं. ९८ ला एपिक कळतच नाही, त्याला जुन्या पिक कंट्रोलरच्या १६ लाईन, त्यातल्याही टायमर, कीबोर्ड, आयडीई वगैरेंनी आधीच अडवलेल्या. एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीफोर्स आणि व्होर्टेक्स वेगवेगळ्या आकड्यांवर दिसत होते. ९८ मध्ये उघडून बघितलं तर आयआरक्यू ९ वर ओळीने ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड, लॅन कार्ड, दोन यूएसबी कंट्रोलर, आणि प्रत्येकाखाली "एसीपीआय आयआरक्यू होल्डर फॉर पीसीआय आयआरक्यू स्टीअरिंग" (एसीपीआय म्हणजे पॉवर आणि आयआरक्यूची वाटणी विंडोजच्या हातात देणारी व्यवस्था). एसटी स्टँडवर एकच खिडकी उघडी ठेवून सगळ्या गाड्यांची तिकिटं तिथेच द्यावीत तसा प्रकार. शेअरिंग करणारे ड्रायव्हर समजूतदार असले तर निभावतं, पण १९९९ च्या व्हीएक्सडी ड्रायव्हरकडून ती अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

स्लॉट बदलून बघायला हवं होतं म्हणून बोर्डाचं मॅन्युअल शोधलं. मॅन्युअलमध्ये एक छोटा तक्ता असतो, कुठला पीसीआय स्लॉट कुठल्या लाईनवर आणि ती लाईन आणखी कोण वापरतं याचा. बहुतेक जण तो बघतच नाहीत. माझ्या बोर्डावर पीसीआय १ ची लाईन एजीपीबरोबर, पीसीआय २ ची ऑनबोर्ड लॅनबरोबर, आणि पीसीआय ३ ची फक्त एका यूएसबी कंट्रोलरबरोबर. एमएक्स३०० तिसऱ्या स्लॉटमध्ये गेलं. पण नुसत्या त्याने भागलं नाही, कारण ९८ एसीपीआय मोडमध्ये असलं की स्लॉट कुठलाही घ्या, ते सगळं परत ९ वरच आणून ठेवतं, बायोसमध्ये आकडे हाताने टाकले तरी ऐकत नाही.

मग एसीपीआयच काढायचं ठरवलं. डिव्हाइस मॅनेजरमधून एसीपीआय बायोसच्या जागी प्लग अँड प्ले बायोसचा ड्रायव्हर बसवता येतो, पण त्यानंतर सगळं हार्डवेअर नव्याने ओळखलं जातं आणि रजिस्ट्रीत जुन्या नोंदींचा कचरा उरतो, म्हणून नवीन इन्स्टॉलच केलं. डॉसच्या प्रॉम्प्टवरून सेटअप चालवताना पुढे "/पी आय" जोडायचं, एवढंच. त्याआधी बायोसमध्ये ऑनबोर्ड एसी९७ साउंड बंद, पॅरलल पोर्ट बंद, कॉम २ बंद, साटा बंद, जो यूएसबी कंट्रोलर तिसऱ्या स्लॉटच्या लाईनवर होता तो बंद, पीएनपी ओएस "नो", आणि कॉन्फिगरेशन डेटा रीसेट. हा शेवटचा रीसेट विसरू नका, नाहीतर बायोस जुनी वाटणीच धरून बसतो.

इन्स्टॉल झालं, डिव्हाइस मॅनेजर उघडला: जीफोर्स ११ वर, व्होर्टेक्स ५ वर, दोघंही एकटे! खरं सांगतो, त्या दोन ओळी बघूनच अर्धा आनंद झाला.

बाकीचा अर्धा हाफ-लाइफने दिला. सीडीवरून टाकलेलं आणि जुन्या पॅचवर थांबवलेलं व्हर्जन आहे, कारण नंतरच्या अपडेट्समध्ये ए३डी उडालं. हेडफोन लावून बोगद्यात उभा राहिलो, मागे पाईपमधून वाफ सुटत होती. माऊस हळूहळू फिरवला तर तो आवाज कानामागून खांद्यावर, तिथून समोर आला, आणि कोपऱ्याआड गेल्यावर नुसता कमी नाही झाला, दबला. भिंत मध्ये आली हे कानाला कळलं. आजच्या गेम्समध्ये यापेक्षा महाग तंत्र असेल, पण १९९८ च्या कार्डातून हे ऐकताना मला फार समाधान वाटलं. थीफ अजून नीट खेळायचाय, पण पहिल्या मिशनमध्ये दारापलीकडचा पहारेकरी फरशीवरून गालिच्यावर आला तो क्षण कानाने पकडता आला, स्क्रीनकडे बघावं लागलं नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. ९८ मध्ये क्वेक २ चं म्युझिक वाजत नव्हतं. एक्सपी सीडीचा ऑडिओ आयडीई केबलवरूनच डिजिटल वाचून घेतो, ९८ मध्ये या व्हीएक्सडी ड्रायव्हरवर मात्र सीडी ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डापर्यंत ती चार पिनांची बारीक ॲनालॉग केबल हवीच हवी. ती मिळाली पुण्याच्या जुन्या बाजारात, एका काकांच्या वायरींच्या ढिगात, वीस रुपयांत. लावली आणि गिटार सुरू!

खरेदीबद्दल माझं मत विचारलं होतं एकाने, तर सांगतो. जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर जा, बोर्ड हातात घेऊन सीपीयूभोवतीचे कॅपॅसिटर बघा, डोकी फुगलेली असली तर किंमत पाडून घ्या, सोडून देऊ नका. माझ्या बोर्डाचे पाच फुगले होते, पुण्यातल्याच तापकीर गल्लीत १०५ डिग्रीचे लो ईएसआर मिळाले, बदलले, झालं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आता जुना माल कमी आणि भाव जास्त, पण तिथल्या एक-दोन रिपेअरवाल्यांचा हात खरंच साफ आहे. ऑनलाइन "टेस्टेड, वर्किंग" लिहून विकणाऱ्यांकडून एजीपी कार्ड घेताना मॉनिटरला जोडलेला चालू व्हिडिओ मागाच, एका विक्रेत्याने मला फॅन फिरतोय एवढंच दाखवून मेलेलं कार्ड विकलंय. एमएक्स३०० इथे मिळालंच नाही, स्टुटगार्टहून मावसभाऊ दिवाळीला आला तेव्हा घेऊन आला, त्याचे आभार इथेही मानतो. आणि ज्यांचा ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरचा बेत आहे त्यांनी नवीन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेताना ५ व्होल्टच्या रेलचे अँपिअर वाचा, त्या काळचे बरेच बोर्ड ५ व्होल्टवरून सीपीयूला खायला घालतात आणि आजच्या सप्लायमध्ये तीच रेल बारीक असते. पेंटियम ४ चं तसं नाही, तो १२ वर चालतो.

पुढचा बेत ड्युअल बूटचा, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही विंडोजचा, होता. आधी ९८, मग एक्सपी, एक्सपीचा सेटअप बूट डॉट आयएनआय मध्ये आपोआप मेनू बनवतो, पहिलं पार्टिशन एफएटी३२, सोपं काम. पण हे लिहिता लिहिताच वाटायला लागलंय की कशाला? एक्सपीला या बोर्डावर कोंबलं तर त्याला जीफोर्स ४ वर अडकून राहावं लागेल. स्प्लिंटर सेल ठीक आहे, उलट त्याच्या सावल्या या पिढीच्या कार्डांवरच नीट पडतात, तो ९८ वरही चालतो. पण एफ.ई.ए.आर., बॅटलफील्ड २, क्रिकेट ०७ यांना जोर हवा. भावाच्या ऑफिसमधून निघालेला एच६१ चा बोर्ड आणि आय५ ३४७० (आयव्ही ब्रिज पिढीचा प्रोसेसर) माझ्याकडे पडून आहे, आयव्ही ब्रिजपर्यंत एक्सपीचे ड्रायव्हर मिळतात, जीटीएक्स ७५० टीआयलाही मिळतात, आणि त्यात क्रिएटिव्हचं एक्स-फाय साउंड कार्ड टाकलं की बॅटलफील्ड २ ला ईएएक्स ५, म्हणजे क्रिएटिव्हचं आवाजाचं तंत्र. म्हणजे ९८ ला त्याचं मशीन, एक्सपीला त्याचं, आणि या ८६५ मध्ये एकही नवीन डिव्हाइस घालून आयआरक्यूची वाटणी बिघडवायची नाही. हो, हेच करतो. ड्युअल बूट रद्द.

मग ८६५ वर एक्सपी काढून रिकाम्या झालेल्या डिस्कवर नुसते गेम्स ठेवता येतील. एजीपीवरचं व्हूडू ३ ग्राफिक्स कार्ड इथे लावा असं कोणी सुचवू नका, ते ३.३ व्होल्टचं कार्ड आहे आणि हा स्लॉट १.५ चा, बसतच नाही. पीसीआयवरचं व्हूडू २ मिळालं तर अनरिअल ग्लाइडमध्ये (व्हूडूची स्वतःची ग्राफिक्स पद्धत) आणि आवाज ए३डी मध्ये असं जमेल, कोणाकडे जास्तीचं असेल तर कळवा.

आणि एच६१ वाल्यांना एक प्रश्न: एक्सपी टाकताना तुम्ही साटा जुन्या आयडीई मोडवर ठेवलंत की एनलाइट या सॉफ्टवेअरने नव्या एएचसीआय मोडचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीतच घातलात? माझ्याकडे एसएसडी आहे, एक्सपीला ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) माहीत नाही, त्यामुळे एएचसीआयने खरंच काही फरक पडतो का ते आधी समजून घ्यायचंय. शनिवारी बोर्ड बाहेर काढतोय.