क्वेस्ट ३, मुक्काम जळगाव: थरथर थांबली!

सापडलं! क्वेस्ट ३ म्हणजे डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट. त्यातल्या चित्राच्या ज्या थरथरीने तीन आठवडे जीव खाल्ला, तिचा वायफायशी काडीचा संबंध नव्हता. मागच्या वेळी राउटर बदलायचा निकाल मीच दिला होता, तो मागे घेतो.

लक्षणं आठवत असतील. सामाईक ऑफिसात सकाळी इमर्स्डमधले (लॅपटॉपचे स्क्रीन हेडसेटमध्ये दाखवणारं अ‍ॅप) तिन्ही स्क्रीन भिंतीत खिळे ठोकल्यासारखे, अन् चारनंतर, म्हणजे ट्यूब लावल्या की, पाण्यावर डुलणारे. वायफायचा चॅनल बदलला, बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते) उतरवला, काही फरक नाही. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. नेटवर्क गंडलं की चित्र अडकतं, चौकटी पडतात. आख्खा स्क्रीन जागा सोडतो तो ट्रॅकिंगमुळे, म्हणजे आपण खोलीत कुठे आहोत ते हेडसेटच्या कॅमेऱ्यांना नीट न कळल्यामुळे. आणि हलत तर होम मेनूसुद्धा होता, ज्याला लॅपटॉप लागतच नाही!

परवा पाचला लाइट गेली. स्ट्रीम तुटली, पण खिडकीच्या उजेडात मेनू एकदम गप्प उभा. लाइट आल्यावर आधी नुसता पंखा लावला. गप्प. मग ट्यूब. लागला नाचायला.

सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ! हेडसेट मावसभावाने अमेरिकेत वापरून मग इकडे दिलेला. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. आमच्या स्वस्तातल्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्यांना कळतं. ५० केलं अन् काल पहिल्यांदा माझ्याआधी बॅटरी दमली. दोन तास सलग!

हेडसेटचा मूळ कापडी पट्टा मात्र टाकाऊच. हेडसेटचे ५१५ ग्रॅम सगळे गालफडांवर येतात. राउटरचे पैसे आता मागे वजन असलेल्या पट्ट्याला.

राहिला आवाज. शेजारच्या टेबलावर केळीच्या गाड्या लावणारे आप्पा. डोळ्यांसमोर बर्फाचे डोंगर अन् कानात, "रावेरची गाडी भरली का नाही भो अजून?" नॉइज कॅन्सलिंगवाले इअरफोन घेतले, तर त्यांनी कूलरची घरघर तेवढी गिळली आणि आप्पा आणखीच स्वच्छ ऐकू यायला लागले.

हे लिहिता लिहिताच सुचलं: कॅन्सलिंग बंद करून कूलरच्या पुढ्यातच बसलो तर? घरघरीत आप्पा बुडतील, घामही कमी. ओल्या हवेने लेन्स धुरकटतात का, ते उद्या बघतो.